तीस पश्चिम

गॅण्डरला हेडली बजेलच्या तळघरात
बटाट्यांची दोन पोती, बर्फ उपसायचं यंत्र,
आणि भिंतीकडे तोंड करून
अर्धं विमान.
खुर्ची मोडीत निघालेल्या गाडीतली,
थ्रॉटलच्या मुठी बर्चच्या, स्वतः तासलेल्या.

सगळं खरं आहे, तो म्हणतो,
शॅननच्या धावपट्टीवरचे दिवेसुद्धा मोजून घ्या.
वारा तेवढा खोटा.

चौतीस हजार फुटांवर यंत्राचा वारा
चढत नाही, उतरत नाही, वळत नाही.
असतो, आणि मग नसतो.
कुठल्याशा न दिसणाऱ्या रेषेपाशी
पाठीमागचे ऐंशी नॉट
कुणी बटण दाबावं तसे विझतात,
विमान दचकतं, वेगाची घंटा कडकडते,
आणि ज्यानं उभ्या जन्मात आवाज चढवला नाही
तो हेडली पडद्यावर खेकसतो,
"असा नसतो रे तो!"

कसा असतो, हे त्याला कुठून ठाऊक?
तो तर कधी वर गेलाच नाही.
एकतीस वर्षं रेडिओच्या खोलीत, कानाला खरखर,
आणि खरखरीतून माणसं:
तीस पश्चिम. इतके वाजून इतकी मिनिटं.
वारा दोनशे साठवरून, एकशे चाळीस.
बाहेर उणे छप्पन्न.
हा लिहायचा, परत वाचून दाखवायचा,
बरोबर असेल तर पलीकडून एक शब्द,
मग पुन्हा समुद्रभर खरखर.
एकाला कायम सर्दी असायची.
एक पोर्तुगीज आकडे इतके हळू सांगायचा
की जणू हातात ठेवतोय.

कागद सरकारजमा झाले.
पण नवलाचे वारे तो घरच्या वहीत उतरवायचा,
अशा सात वह्या;
एक मेव्हिसनं डुगडुगत्या टेबलाखाली सरकवलेली,
ती परवा टेबल उचलून काढली.

शेजारचा टायसन नोसवर्दी, वय सोळा,
डोळ्यांवर केस,
त्यानं दाखवलं थर कसे रचायचे:
एकतीस हजारांवर एकशे आठ,
तेहतिसांवर एकशे सव्वीस, मग ती धार,
आणि एकोणचाळिसांवर पुन्हा मवाळ,
नदी काठाशी होते तशी.
वीस पश्चिमेच्या अलीकडे दक्षिणेला थोडा कल,
पण हळू,
झोपेत कूस बदलावी इतका हळू.

"हा कुठला वारा?" पोरानं विचारलं.
"सत्त्याऐंशीचा. फेब्रुवारी. बुधवार."
"म्हणजे शिळा."
हेडलीनं पोत्यांकडे पाहिलं.
"टिकलाय," म्हणाला.

रात्री एकटाच निघाला.
वेळ पुढे ढकलायची सोय आहे, ती तो वापरत नाही.
दोन तास नुसता काळोख आणि हिरवे आकडे.
वारा आला, पण आला असं कळलं नाही,
जमिनीवरचा वेग तेवढा वाढत राहिला,
नाक चार अंश उजवीकडे, सुई शांत.
चहा गार झाला तो इथेच कुठेतरी.

तीस पश्चिमेला त्यानं घसा खाकरला.
इतकी वर्षं ऐकलेलं पहिल्यांदा बोलला,
समोर माइक नसताना:
जागा, वेळ, उंची,
वारा दोनशे साठवरून, एकशे चाळीस,
उणे छप्पन्न.

परत वाचायला कोणी नव्हतं.
भट्टीचा पंखा घुरघुरत होता.

मग छतातल्या गरम हवेच्या जाळीतून, वरच्या स्वयंपाकघरातून:
"दोनशे साठ. एकशे चौतीस. उणे छप्पन्न."
"चाळीस," तो म्हणाला. "एकशे चाळीस."
"एकशे चाळीस," मेव्हिस म्हणाली,
आणि काहीतरी कढईत टाकलं.

त्यानं वेळ लिहिली.
शॅननला चाळीस मिनिटं लवकर पोचेल,
तिथं कुणी वाट पाहत नाही.
परतताना हाच वारा तोंडावर,
उजाडेल घरी यायला.
बाहेर दोरीवर गोठून फळी झालेली चादर
उगाच हलते आहे;
अकरा नॉट असेल,
ईशान्येकडून.