एक्केचाळिसावी लाट

शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळीला
माझ्याकडं दोन आगी असतात :
एक अर्ध्या टन बिडाची,
आणि एक खिशात, तडा गेलेल्या काचेखाली,
चार लाकडांची.

खिशातलीच्या भोवती माझी टोळी बसते.
नऊ जण.
पाच भालेवाले, तीन गोफणवाले
आणि एक शेंबडं पोर,
ज्याच्या हातात हत्यार नाही, डोक्यावर आकडा नाही.
ते नुसतं शिंगात निखारा घेऊन
या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पळतं.
मी त्याला हाडं देऊन बघितली, अस्वलाचं कातडं दिलं,
पोर काही वाढेना.
साकिब म्हणाला, 'त्याला बटणच न्हाई भावा.
शोभंला ठेवलंय.'

हा खेळ मला साकिब मुजावरनंच लावला.
'गोफण मागं, भाला म्होरं.
लांडगा कायम उत्तरंकडनं येतोय.
आन् मोठा हत्ती आला, केसाळ,
की कुंपण सोडून द्यायचं. माणसं काढायची.
कुंपण परत बांधता येतंय.'
साकिबचं घर चिखलीत.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं
हा पुराचंच सांगतोय.

परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
एक्केचाळिसावी लाट सुरू झाली
आणि लाईट गेली.

शेडमध्ये फक्त भट्टीचं तोंड उरलं,
तांबडं, वासलेलं.
भट्टीतल्या भट्टीत बीड थिजलं
तर भट्टी मेली,
आणि भट्टीमागोमाग आमचा महिना.
हे मगदूम मेस्त्रीला ओरडून सांगावं लागलं नाही.
साकिब डिझेल पंपाचं हँडल मारायला पळाला,
एकदा, दोनदा, सातव्यांदा धरलं त्यानं.
मी आणि लल्लन हातपंपावर,
भट्टी इंच इंच कलवत,
आणि लल्लन त्याच्या गावाकडच्या भाषेत
कुणाला तरी शिव्या घालत होता,
बहुतेक महावितरणला.

श्रेणिकला कुणी काही काम सांगितलं नव्हतं.
आयटीआयचं पोर, कामावर येऊन अकरा दिवस.
त्यानं माझ्या खिशातनं माझाच मोबाईल काढला,
बॅटरी लावली,
आणि पंपापासून भट्टीपर्यंत,
भट्टीपासून वाळूच्या खड्ड्यापर्यंत
नुसता पळत राहिला.
जिथं पाऊल टाकायचं
तिथं आधी उजेड पडायचा.

मग बीड निघालं.
सापासारखं नाही, नदीसारखं नाही,
बीड निघतं तसं निघालं,
आणि खड्ड्यात बसलं.

साडेपाचला मोबाईल हातात आला तेव्हा चार टक्के.
वर लिहिलेलं : टोळी संपली. आग विझली.
खाली दोन बटणं.
पहिल्यापासून सुरू करा,
किंवा तीस सेकंद जाहिरात बघा
आणि मेलेल्यांना उठवा.
मी जाहिरात दाबली.
एक बाई हसत हसत म्हणाली,
कागद नको, जामीन नको, पाच मिनिटांत कर्ज.
एकोणिसाव्या सेकंदाला
बाईसकट सगळं काळं झालं.

बाहेर थंडी मरणाची.
खड्ड्यातला गोळा वरनं काळा पडलेला,
कशाचाच भाग नसलेला,
कुठल्या मशीनला न बसणारा, ओबडधोबड,
पण अजून ऊब होती त्यात.
आम्ही पाचही जण त्याच्या कडेनं बसलो.
मेस्त्रीसुद्धा उकिडवा.
लल्लननं कुणाकडनं तरी चहा आणला, एकाच तांब्यात.
श्रेणिक बसल्या जागी झोपला,
त्याच्या अंगावर साकिबनं पोतं टाकलं.

'कितवी लाट हुती?' साकिबनं विचारलं.
सांगणार होतो,
तेवढ्यात तिकडं हायवेवर
एक ट्रक चढ घेताना हंबरला,

आणि आम्ही सगळ्यांनी एकदम
उत्तरेकडं बघितलं.