वादातलं मत

पहिलं पत्र मीच टाइप केलं होतं:
"अशा कोणत्याही संघटनेची काउंटीला माहिती नाही."
खाली सहीसाठी चार ओळी जागा.
माझ्या यंत्राचं एक अक्षर अर्धंच उमटायचं,
ते मी पेनाने पुरं करायची.

माहिती नाही म्हणे.
खिडकीखालीच तर रस्ते खात्याचं आवार.
तिथे काळोखातच आयनो लाहतिनेन
बर्फाच्या नांगराला डिझेल पाजत उभा असायचा,
उजव्या हाताची उरलेली बोटं काखेत दाबून.
एक साखळीत गेलं होतं, मागच्या हिवाळ्यात.
त्याचा भरपाईचा अर्ज माझ्याच ट्रेमध्ये,
विचाराधीन.

कार्डं फिरली चर्चच्या तळघरात,
शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या वासात.
वाचनालयातली डोलोरेस बोसोलेय
पुस्तकाच्या कप्प्यात तारखेची चिठ्ठी सारावी
तशी एकेकाच्या कोटात कार्ड सारायची.
सह्या आल्या: ग्रीसच्या अंगठ्यासकट,
इस्पितळाच्या धुलाईतून आलेल्या, ओल्या हाताने फिसकटलेल्या.
म्हातारा वाइनो मात्र नाहीच म्हणाला.
"माझ्या बापानं खाणीत नाव घातलं होतं यादीत.
तो अख्खा हिवाळा आम्ही सलगम खाल्लं."
पंधरा दिवसांनी कार्ड आणून दिलं,
औषधाच्या पुडीसारखी घडी घातलेलं.
बोलला काहीच नाही.

मग सुनावणी. कोर्टाचा वरचा मजला,
रेडिएटरची ठकठक,
आणि दक्षिणेकडून आलेला काउंटीचा वकील,
बुटांवर रबरी बूट चढवलेला.
माझ्याकडे बोट न दाखवता म्हणाला,
या बाई गोपनीय आहेत.

गोपनीय!
अकरा वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं
सगळ्यात भारदस्त विशेषण.
ज्या हाताने नकाराचं पत्र टाइप केलं
तो हात कामगारांत धरायचा की साहेबांत,
यावर दोन तास खल झाला.
त्या दोन तासांत मला कुणी काही विचारलं नाही.
मी इतिवृत्त लिहीत होते.

मतदान अग्निशमन केंद्रात,
ओल्या नळांच्या वेटोळ्यांशेजारी.
बाकीच्यांची मतं सरळ पेटीत गेली.
माझं आधी एका पाकिटात,
ते पाकीट दुसऱ्या पाकिटात,
आणि त्यावर माझं नाव,
त्या नावाखाली एक शब्द: वादातलं.

राज्याकडून आलेल्या बाईंनी चष्मा पुसून मोजलं.
एकवीस बाजूने. सतरा विरोधात.
त्या म्हणाल्या, फरक चारचा आहे,
एकाने काही बदलत नाही,
मग पाकीट उघडायचं कारण नाही.
टाळ्या पडल्या. कुणीतरी नळाच्या चाकावर पाना आपटला.
डोलोरेसने माझ्याकडे पाहिलं.
मी हातमोजे शोधत होते.

दुसरं पत्रही मीच टाइप केलं:
"काउंटी सदर संघटनेला मान्यता देत आहे."
हात थरथरला नाही, गोष्टींमध्ये थरथरतो तसा.
अर्धं अक्षर पेनाने पुरं केलं,
कार्बनच्या प्रतीवरही केलं,
ते मात्र आधी कधी करत नसे.

आयनोचा अर्ज ट्रेमधून हलला, एप्रिलमध्ये.
करार झाला, त्यात माझं पद नाही;
वगळलेल्यांच्या परिशिष्टात आहे, क्रमांक दोन.
माझं पाकीट राज्याच्या कुठल्याशा कपाटात असेल,
किंवा नियमाप्रमाणे जाळलंही असेल.
बेकरीत, पोस्टात लोक आडून आडून विचारतात,
काय घातलं होतंस गं आत?
मी त्यांना ताकास तूर लागू देत नाही.
अकरा वर्षांत तेवढं शिकलेय.

पहाटे नांगर आमच्या रस्त्याने जातो.
नांगराच्या पात्याने कडेला ढकललेला बर्फ
फाटकापाशी बांध घालून जातो, कमरेएवढा;
तो फोडण्यात माझा अर्धा तास जायचा.
हल्ली माझ्या फाटकाशी आला की
आयनो पातं जरा उचलतो.
सगळ्यांच्याच फाटकाशी उचलत असेल,
त्या सतरांच्याही.
मी विचारलेलं नाही.
त्यानेही नाही.