येतंय

सर्जेकोट बंदरावर, मत्स्य खात्याच्या दीड खोलीत
मी होड्यांची वजनं मोजतो
एका भाषेत, जिचं नाव एवढंच: आर.
(बैलाला टोचतात ती नव्हे. पण थांबा.)

ही भाषा आळशी आहे.
फंक्शनच्या हाती काही द्या, ते मोजत नाही,
जसंच्या तसं पुरचुंडीत बांधून ठेवतं,
पेट्या गुणिले वजन, वजा बर्फ,
वर लिहितं, हे कुठल्या घरचं.
मागितलं तर सोडायची.
कुणी मागितलंच नाही तर
आत बुडालेल्या होडीचं नाव असलं तरी खपून जातं.

सहदेव खडपकराला विचारलं, किती गावलं?
"तराजू लागांदे, मगे सांगतंय."
रापणीचा माणूस. दोर ओढून संपेपर्यंत
जाळ्यात काही आहे असं तो धरतच नाही.

मंगळवारी माझी फजिती झाली.
अकरा होड्या, लूपमध्ये रचलेली अकरा फंक्शनं,
आणि अकराही एकच बोलली:
बांगडा, सेहेचाळीस किलो.
शेवटच्या होडीचा.
मी पुरचुंड्या सोडेपर्यंत
बाकीच्या दहा धक्क्यावरून निघून गेल्या होत्या.
आवडाबाय लिलाव सोडून हसत सुटली,
"सगळ्यांकच बांगडो? मगे माझो सरंगो खंय गेलो?"

उपाय एका शब्दाचा आहे. फोर्स.
होडी समोर असतानाच, त्याच फेरीत,
गाठ सोडायला लावायची.
(ही ती आर.)

रात्री घरी आलो. दाराशी हेमूच्या जुन्या चपला.
सात वर्षांपूर्वी मस्कतच्या ट्रॉलरवर जाताना
नव्या घालत म्हणाला होता, "येतंय."
आपल्यात जातो म्हणत नाहीत.
जाणाऱ्याकडून येतो म्हणवून घेतात
आणि तो शब्द तसाच बांधून ठेवतात.

तो अजून सुटलेला नाही.
सुटेल तेव्हा जिथे बांधला तिथेच घर शोधत येईल,
आणि आज तिथे जे असेल तेच वाचेल:
कौलांच्या जागी स्लॅब,
न्हाणीत पाणी ओतणारं कुणी नाही.

फोनवर त्याचा नंबर काढला.
विचारायचं एवढंच, कधी?
पण एकदा उत्तर आलं की भाषा तेच धरून बसते,
पुन्हा मोजत नाही.

फोन पालथा ठेवला.
सकाळी अकरा वजनं अकरा तऱ्हेची आली.
आवडाबायचा सरंगा, साडेनऊ किलो.