अर्थ

अत-बाशीच्या अलीकडे, पहाटे, उणे एकतीस.
किल्ली फिरवली की कामाझ एकदाच म्हणतो,
टक्.

दिवे मात्र लख्ख.
ओमुरझाक म्हणाला, बॅटऱ्या मेल्या.
कशा मरतील? दोन्ही नव्या,
चार मेंढ्या विकून आणलेल्या.
मीटर लावला, काटा चोवीसच्या वर.
रिले बदलून पाहिला.
सेल्फला हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकलं,
मग जरा रागाने.
टक्.
मी टॉर्च धरून. दुसरं येतंच काय मला.

सालकिनाय, त्याची नवी सून,
दातांनी हातमोजा ओढत खाली उतरली.
"एक टोक बॅटरीच्या मायनसला,
दुसरं इंजिनच्या अंगाला. आता मारा सेल्फ."
काटा उडी मारून अकरावर.
अकरा व्होल्ट वाटेतच कुणी खाल्ले?

मेंढीचं कातडं अंथरून ती चेसिसखाली सरकली.
अर्थची वायर जाडजूड, बोल्ट कडक आवळलेला,
आणि त्याखाली निळा रंग.

जूनमध्ये तिला आणायला जाताना
म्हाताऱ्याने चेसिससुद्धा रंगवली होती,
जिथे कुणी बघणार नाही तिथेही
दोन हात.
उन्हाळ्यात भागलं.
तेल घट्ट झालं, तेव्हा नाही भागलं.

सुरीने तिने रुपयाएवढी जागा खरवडली.
लोखंड उघडं पडलं.
बर्फावर निळे कपचे;
ओमुरझाक वाकून ते बघत राहिला.

"तेवढंच खरवड," म्हणाला,
"दारावरचा राहू दे."

ती काहीतरी बोलली,
पण इंजिन लागलं होतं.