पंप नसणार

सॅगिनॉ, मिशिगन. मार्चातला बर्फ कडेकडेनं मळकट.
शेजारच्या डोलोरेस वीचोरेकबाईंच्या गॅरेजात
सदुसष्टची ओल्ड्समोबील, मोरचुदाच्या रंगाची,
वळता वळेना.
शनिवारी गिऱ्हाईक येणार.

मुलीनं त्यांना सांगून ठेवलेलं : बाबा मेकॅनिक होते.
होतो. कराडच्या डेपोत, एकतीस वर्षं,
जिथं स्टिअरिंगची पॉवर म्हणजे ड्रायव्हरचे दंड
आणि वर दोन शिव्या.
हे लाड मी इथंच पाहिले.

टाकीचं झाकण काढलं. तेल खुणेपर्यंत.
बोटावर घेतलं, हुंगलं. जळका वास नाही, फेस नाही.
पट्टा दाबून पाहिला, अर्धा इंच लवला, तेवढा लवावाच.
इंजिन चालू केलं. कण्हणं नाही.
डावीकडे जड. उजवीकडे तितकंच जड.
"दोन्हीकडे जड म्हणजे पंप," मी म्हणालो,
निम्मं इंग्रजीत, निम्मं हातांनी.

बाई खुर्चीतून उठल्या.
पंप नसणार.

इथल्याच कारखान्यात, पंपाच्या लाइनवर
पात्या बसवायच्या त्या,
एका पंपात दहा, केसाएवढी चूक चालत नसे,
सव्वीस वर्षं रात्रपाळी.
"हा माझ्या हातचा असेल, नाहीतर रूथच्या.
आणि रूथचा हात माझ्याहून बरा होता."

अशा पुराव्यापुढे काय बोलणार?
जॅक लावला. पुढची चाकं अधांतरी, इंजिन बंद.
आता पंपाचा संबंध संपला,
रस्त्याचाही.
स्टिअरिंग फिरवलं.
तसंच जड.

पाठीखाली पुठ्ठा घेऊन सरपटत आत गेलो.
दोन्ही बॉल जॉइंटांची रबरं फाटलेली,
किती हिवाळ्यांचं खारट पाणी आत बसलेलं;
ग्रीसच्या जागी गंजाची तपकीर.
बाहेर आलो तो मान खाली घालूनच.
बाई काही म्हणाल्या नाहीत.
चष्मा पुसत राहिल्या, बराच वेळ.

शुक्रवारी नवे जॉइंट बसले.
बाईंनी एका बोटानं स्टिअरिंग फिरवलं,
जागच्या जागी, डावीकडे, उजवीकडे,
मग पार टोकाला नेऊन धरून ठेवलं.
पंप हळूच कुरकुरला.
मी दचकलो. त्यांनी मान डोलावली :
तेवढं त्यानं म्हणायचंच असतं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं, किंमत ऐकली
आणि आल्या पावली गेलं.
माझा अंदाज, आकडा सकाळीच वाढला असावा.