सध्याचा पत्ता

यादी तीनच दिवस उघडी होती, मार्चमध्ये,
मंगळवारी सकाळी आठपासून.
हॉस्पिटलच्या लाँड्रीत एका हाताने चादरींच्या घड्या घालत
दुसऱ्या हाताने मी फोन दाबत होते.
पान गोल गोल फिरत होतं,
आणि मागे ड्रायर.

घरातली माणसं किती?
दोन. मी, व्हर्लीन. मुलगा टेव्हियन, वय नऊ.
उत्पन्न? लिहिलं.
इतर उत्पन्न? हसू आलं.
मालमत्ता: एक गाडी, उजवा आरसा नाही.
शेवटी नंबर आला, चार हजार एकशे बारा.
तो मी मनगटावर पेनाने लिहून घेतला
आणि रात्री भांडी घासताना
तेवढा हात पाण्याबाहेर धरला.

हाउसिंग ऑफिसात खिडकी नंबर तीनला मिसेस पुलास्की.
काचेला बोलायची भोकं आहेत, पण उंची चुकलीय,
ती बसून बोलते, मी वाकून ऐकते.
‘वर्षाला चारेकशे नावं पुढे सरकतात,’ म्हणाली.
टेव्हियनने तिथेच हिशोब केला:
‘आई, तोवर मला दाढी आलेली असेल.’

ऑक्टोबरात मालकाने घर विकलं.
नव्या मालकाला स्वयंपाकघर पांढरं हवं होतं
आणि भाडं दीडपट.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, माझं डिकीत:
टोस्टर, बुटांची पिशवी, एक उशी जास्तीची,
बिस्किटांच्या डब्यात जन्माचे दाखले.
एरी तलावावरून वारा सुटला की
गाडीच्या काचेवर आतून बर्फ धरतं.
टेव्हियन त्यावर नखाने भागाकार करतो.

पत्ता बदलायला पुन्हा खिडकी नंबर तीन.
फॉर्मवर ‘सध्याचा पत्ता’, पुढे लाल चांदणी,
म्हणजे ही जागा रिकामी सोडायची नाही.
घर नाही म्हणून अर्ज,
आणि अर्जाला आधी घर दाखवा.
‘पत्र टपालानेच जातं,’ पुलास्की म्हणाली,
‘परत आलं की नाव उडतं. नियम माझा नाही.’
आणि फॉर्म सरकवायच्या फटीतून
मुलासाठी एक गोळी सरकवली, आल्याची.
त्याने ती गाडीत जाऊन थुंकली.
मी फॉर्म तसाच घडी करून परत आणला.

फेब्रुवारीत जुन्या घरावरून गेले.
मुद्दाम नाही. बरं, मुद्दामच.
दारात चपलांची रांग, लहान-मोठ्या अकरा जोड्या,
आतून कसल्याशा फोडणीचा ठसका,
आणि टपालपेटीवर चिकटपट्टी:
वर हर्कमाया राई,
खाली, तिच्याच वाकड्या अक्षरात, मी.

‘तुम्ही व्हर्लीन?’ ती दारातूनच म्हणाली.
‘मला वाटलं, म्हाताऱ्या असाल.’
केसांच्या रबराने बांधलेला गठ्ठा तिने पुढे केला,
पिझ्झाच्या जाहिरातीसुद्धा फेकल्या नव्हत्या.
मी विचारलं, का?
‘नेपाळात छावणीत होतो, अठरा वर्षं.
तिथे आमची पत्रं अशीच यायची,
दुसऱ्याच्या झोपडीत.’
आणि चहा टाकायला वळली.

हिरवं पाकीट तळाशी होतं.
आपणांस अद्याप मदतीची गरज आहे काय?
असल्यास चौकोनात खूण करावी.
मुदत दहा दिवस, आज नववा.
पेन शोधायला तिने तिसरा खण ओढला,
तो अजून अडकत होता, पांढरा झाला तरी.
मी दाखवलं:
आधी आत ढकलायचा,
मग ओढायचा.

सध्याचा पत्ता: तोच लिहिला.
खोटं कुठे होतं? पेटीवर नाव होतंच.

चहा फार गोड होता. भाडं किती भरता, विचारलं.
सांगितलं तिने, आणि चौघं कमावतात हेही,
मग हळूच, सासऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने:
‘ती यादी पुन्हा उघडली की मला कळवाल?’
मी म्हटलं, तीनच दिवस असते.
फोन चार्ज करून ठेव.