सांधा

थर्मलच्या दुसऱ्या युनिटवर चिनी आले
तेव्हा मांडव्याचे पोट्टे कुंपणाशी उभे राहून
त्यांच्या ताटात काय काय ते मोजत होते.
मला मोजायला माझीच माणसं होती. अकरा.
त्यांतल्या नऊ म्हाताऱ्या.
बाकी मंडळी चाकणला, हिंजवडीला,
सणाला फोनवर आमेन म्हणणारी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो आला.
चपला दाराबाहेर काढल्या, न सांगता,
मागच्या सतरंजीवर बसला गुडघे जवळ घेऊन.
नाव विचारलं तर म्हणाला, लू.
मार्थाबाई सोनोने फसकन हसल्या,
"लू तं आमच्याकडं मे महिन्यात लागते, बाप्पा."
तो मोबाइलशी काही बोलला, मग आमच्यापुढं धरला.
बाईच्या कोरड्या आवाजात मोबाइल म्हणाला:
माझ्या नावाचा अर्थ रस्ता.
आम्ही गप्प झालो. हा शब्द आमच्याकडं
नुसता डांबराचा नसतो.

गीतांचे शब्द त्याला येत नव्हते. चाली येत होत्या,
कुठल्या जहाजातून दोन्हीकडं उतरल्या असतील त्या.

उपासना उरकली. बायका भाकरी सोडत होत्या.
त्याला कपाटामागं टेकवलेला क्रूस दिसला.
वादळात छपरावरून पडलेला,
आडवा हात तुटलेला.
दोन वर्षं मी मंडळीला सांगत होतो,
वेल्डर मिळत नाही.
फाट्यावर तीन वेल्डर आहेत.

मोबाइल म्हणाला:
आमच्या गावी छपरावरचा क्रूस उतरवायचा हुकूम आला.
गॅस-कटर एकट्या माझ्याकडं होता.
आई खाली उभी होती, म्हाताऱ्यांत. त्या गात होत्या.
मी कापला.
रात्री आईनं शेवया वाढल्या. बोलली नाही.

भेंडी कापली म्हणावं, तसं म्हणाला मोबाइल.
त्या यंत्राचा काय दोष.

मी पाळक. अशा वेळची वाक्यं माझ्याकडं
घडी घालून ठेवलेली असतात.
एकही त्या काचेत बोलवेना.
मार्थाबाईंनी विचारलं, "माय हाये का अजून?"
त्यानं मान हलवली.
हो की नाही, ते त्या मानेवरून
आम्हाला कळलं नाही,
आणि दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी तो मशीन घेऊन आला.
आमचं वीजबिल थकलेलं.
गुणवंत ढोकांनी पिठाच्या चक्कीवरून वायर दिली,
चक्की तासभर बंद ठेवली,
वरून म्हणाले, "देवाचंच काम हाये ना?"
निळा उजेड भिंतींवर नाचला.
म्हाताऱ्या पदर डोळ्यांवर ओढून बसल्या
आणि पदराआडून पाहत राहिल्या.
सांधा निवला तेव्हा दिसला:
खवल्यावर खवला, माशाच्या पाठीसारखा.

मग त्यानं ढोकांचीच शिडी आणली, भिंतीला लावली,
वर पाहिलं, मग माझ्याकडं.

मला चौकातली पोरं आठवली.
तहसीलचा कागद आठवला:
किती येतात, कोण कोण येतात, कुठून.
मी मोबाइलला म्हणालो, आत्ता नको.
मोबाइलनं ते त्याच्या भाषेत सांगितलं.
तिथं हे वाक्य त्यानं आधी ऐकलं असावं,
कारण त्याला ते पुन्हा ऐकावं लागलं नाही.
क्रूस त्यानं खिडकीशी उभा केला, खाली,
पायाला लोखंडी पट्टी जोडून.

मे महिन्यात त्यांची बस गेली. लू वाहत होती.
"त्याच्या नावाचा वारा," मार्थाबाई म्हणाल्या.

युनिट चालू आहे. राख खिडकीतून येते,
सतरंजीवर, पेटीच्या पट्ट्यांवर, भाकरीवर.
क्रूस मार्थाबाईंच्या खांद्याएवढा.
रविवारी त्या पदरानं पुसतात तो,
सांध्याशी आल्या की पदर सोडतात
आणि नुसतं बोट फिरवतात,
तापल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं.

शिडी अजून बाहेर भिंतीला आहे.
ढोक मागत नाहीत.